टूथपेस्टमधल्या फ्लोराइडने दात पिवळे पडतात म्हणे. मग पोरांना घरचं नैसर्गिक दंतमंजन आणि साबणच सुरू करू का?

'पिवळे दात' वाचलं आणि राहवलं नाही. माझे पिवळेही नाहीत, तपकिरी आहेत. समोरच्या दोन दातांवर आडवे पट्टे, न विसळलेल्या कपात चहाची रेघ राहते तसे. आणि टूथपेस्ट मी पहिल्यांदा तोंडात घातली ती अकरावीला, यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याला खोली करून राहिलो तेव्हा.

त्याआधी घरात राखुंडी. गोवरीची राख आई फडक्यातून गाळायची, चिमूटभर मीठ टाकायची. याहून नैसर्गिक काय असतं? त्याच राखुंडीने घासून दादाचे दात ज्वारीच्या दाण्यासारखे पांढरे. बाबांचा निकाल ठरलेला, "तुले घासाचाच कटाया येते बे." मग मी घासायचो. राखुंडीने होईना म्हणून विटेचा चुरा, एका उन्हाळ्यात लिंबू आणि खायचा सोडा. पट्टे जागचे हलले नाहीत. थंड पाणी लागलं की मात्र मस्तकात कळ जायला लागली, ती आजही जाते. वरचा थर मीच खरवडला होता. मुलगी पाहायला निघालो तेव्हा दादा बैठकीच्या दारातच कानात म्हणाला, "तोंड मिटून हास."

खरं कारण तिशीनंतर कळलं. गावात पाणी तपासायला आले आणि आमच्या हापशीला लाल रंग मारून गेले. केळापूर, झरी जामणी या आमच्या पट्ट्यात बोअरच्या पाण्यात बऱ्याच ठिकाणी फ्लोराइड जास्त. लिटरला 1.5 मिलिग्रॅम ही शेवटची मर्यादा, आमचं पाणी दुपटीच्या वर निघालं. पक्का दात हिरडीखाली तयार होत असतो तेव्हाच, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, हा डाग बसतो. नंतर काहीही घासा. दादाचं ते वय विहिरीच्या पाण्यावर गेलं. हापशी बसली तेव्हा मी दोन वर्षांचा. आई बिचारी माझ्यासाठी पाणी उकळायची. उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटतं तसं उलट वाढतं.

तेव्हा टूथपेस्टवर खापर फोडू नका. तिच्यात फ्लोराइड 1000 पीपीएमच्या, म्हणजे किलोला 1000 मिलिग्रॅमच्या आसपास असतं, पण पेस्ट थुंकायची असते, पाणी प्यायचं असतं. दात किडू नये म्हणून त्याचा उपयोग होतो, तो राखेत नाही नि कोळशात नाही. कडूलिंबाची काडी वाईट नाही, पण बाबांसारखी वावरात पोचेपर्यंत चावत जाणार असाल तर. त्यांचे दात टिकले यात काडीइतकाच वाटा साखर न खाण्याचा आहे. आणि बाजारात सुटं मिळणारं लाल, काळं मंजन जपून घ्या. दंतमंजनात तंबाखू घालायला 1992 पासून बंदी आहे, तरी आमच्या पूर्वेकडे बाया गुडाखूने, म्हणजे तंबाखूच्याच मंजनाने, दात घासतातच. तंबाखूही झाडाचंच पान आहे की.

साबणाचं म्हणाल तर रिठा सोडला तर साबण झाडाला लागत नाही. तेल मोहाचं घ्या की खोबऱ्याचं, कॉस्टिक सोडा लागतोच. महिना-दीड महिना वड्या मुरू द्या आणि खुशाल लावा.

मी काही दाताचा डॉक्टर नाही, हे आधी सांगायला हवं होतं. तीन वर्षांखालच्या पोराला पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी, आणि थुंकतंय का ते उभं राहून बघा. तुमचंही पाणी बोअरचं असेल तर आधी ते तपासून घ्या. फ्लोराइड जास्त निघालं तर पोरांना कोणती पेस्ट द्यायची हे डॉक्टरलाच विचारा.

तपासणीचा कागद मी बाबांना दाखवला होता. उलटसुलट करून पाहिला नि म्हणाले, "मंग दादाचे कसे पांढरे?" विहिरीचं समजावून सांगितलं. म्हणे, "विहिरीवर जाचाचाही तुलेच कटाया."