प्लॅस्टिकचं पिस्तूल कधी बनतं?

प्रश्न असा आहे: "मी एच-१बीवर टेक्सासमध्ये आहे. ऑफिसमधला एक जण म्हणतो की ऐंशी टक्के तयार असलेली प्लॅस्टिकची फ्रेम मागवून घरी पिस्तूल बनवता येतं, लायसन्स लागत नाही, नंबर लागत नाही. हे खरं आहे का? मी करू शकतो का? आणि नुसती फ्रेम भारतात नेली तर चालेल का?"

शेवटच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर नाही. तुमचा सहकारी थापा मारत नाहीये, पण त्याची माहिती आता जुनी झाली आहे, आणि तो स्वतः नागरिक आहे हे सांगायला विसरला आहे.

मी भोसरीच्या एका टूलरूममध्ये सात वर्षं काढली आणि मग ओहायोत डाय डिझाइनच्या नोकरीवर आलो. २०१७ साली, तेव्हा मीही एच-१बीवरच, आमच्या शॉपमधल्या एका वयस्कर मशिनिस्टने शनिवारी घरी बोलावलं. गॅरेजमध्ये बाकावर एक करडा प्लॅस्टिकचा तुकडा पडला होता. आकार पिस्तुलाच्या मुठीचा, पण काही भोकं पाडायची बाकी, काही ठिकाणी मुद्दाम ठेवलेलं जादा प्लॅस्टिक, आणि भोवती बसणारा भडक रंगाचा जिग, म्हणजे भोकं नेमक्या जागी पाडायला लागणारा साचा. मी हातात घेतला तर वजन काहीच नाही, टीव्हीचा रिमोट उचलल्यासारखं. सवयीने मी अंगठ्याने कडा चाचपल्या. मोल्डिंगची रेघ लागत होती. कंपनी कोणती ते विचारलंही नाही. तो म्हणाला, "आत्ता तुझ्या हातात आहे ते प्लॅस्टिक आहे. संध्याकाळी मी काम संपवलं की ती बंदूक असेल. मग तुला हात लावता येणार नाही." मला वाटलं म्हातारा गंमत करतोय. तो अक्षरशः कायदा सांगत होता.

अमेरिकेतल्या १९६८च्या गन कंट्रोल ॲक्टनुसार पिस्तुलातला एकच भाग स्वतःच्या जोरावर 'बंदूक' ठरतो, तो म्हणजे फ्रेम (रायफलीत रिसीव्हर). अनुक्रमांक त्याच्यावर, परवानाधारक दुकानदाराकडचा फॉर्म त्याच्यासाठी, पार्श्वभूमी तपासणीही त्याचीच. बॅरल (नळी), स्लाइड (तिच्यावरचा सरकणारा भाग), ट्रिगर, स्प्रिंगा हे सगळं केंद्रीय कायद्याच्या लेखी सुटे भाग. बहुतेक राज्यांत टपालाने घरपोच येतं. ब्रिटनमध्ये बॅरल आणि स्लाइडसुद्धा नियंत्रणात आहेत. इथे सगळा डोलारा एका भागावर उभा, आणि १९८२ साली ऑस्ट्रियाच्या सैन्याने ग्लॉक स्वीकारल्यापासून तो भाग हळूहळू पोलादाऐवजी प्लॅस्टिकचा होत गेला. पोलाद कातायला मशिन लागतं, हात लागतो. प्लॅस्टिकला काय लागतं! (सिग सावरच्या पी३२० मध्ये तर उलटी मजा आहे: नंबर आतल्या धातूच्या छोट्या युनिटवर असतो, आणि बाहेरची प्लॅस्टिकची मूठ कायद्याने काहीच नाही.)

मग कुणीतरी ही फट ओळखली. फ्रेम थोडी अपुरी ठेवून विकली तर ती फ्रेम नव्हे, म्हणजे बंदूक नव्हे, म्हणजे नंबर नको आणि तपासणी नको. 'ऐंशी टक्के' हा शब्द बाजाराचा आहे, तो कोणत्याही कायद्यात सापडणार नाही. या धंद्यातलं सर्वांत गाजलेलं नाव पॉलिमर८०, नेवाडातल्या डेटनचं (आमच्या ओहायोतलं डेटन वेगळं). ते 'बाय बिल्ड शूट' नावाने अख्खा संच विकायचे, पिस्तुलाला लागणारं सगळं एका पेटीत. डिसेंबर २०२० मध्ये त्यांच्यावर छापा पडला, लॉस एंजेलिस शहराने खटला भरला, आणि २०२३ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली.

आता स्वतःपुरती बंदूक घरी बनवणं अमेरिकेत नवं नाही. ज्याला बंदूक बाळगायची मनाई नाही, त्याने विकण्याच्या उद्देशाशिवाय बनवली तर केंद्रीय कायदा लायसन्स मागत नाही, नंबरही मागत नाही. ते बंधन धंदा करणाऱ्यांवर आहे. १९६८च्या आधीच्या कितीतरी साध्या रायफलींवर नंबरच नाहीत. आमच्या मशिनिस्टसारखी माणसं ती हौस म्हणून करतात, आणि त्यांच्या हातातली कला मी नाकारणार नाही. अडचण आली ती हौशी माणसाच्या कौशल्याची गरजच संपली तेव्हा.

पोलिसांच्या बाजूने बघा. गुन्ह्यात पिस्तूल सापडलं की नंबर वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गच्या ट्रेसिंग सेंटरला जातो. तिथे कॉम्प्युटरवर नाव टाकून मालक सापडेल असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं नाही. बंदुकांची केंद्रीय नोंदवही ठेवायलाच १९८६च्या कायद्याने बंदी घातली. तिथली माणसं आधी कारखान्याला विचारतात, मग घाऊक विक्रेत्याला, मग दुकानदाराला. बंद पडलेल्या दुकानांचे कागद तिथेच खोक्यांनी येऊन पडतात, स्कॅन होतात, पण नावाने शोधता येत नाहीत. इतक्या कुंथत चालणाऱ्या व्यवस्थेचा एकुलता एक धागा म्हणजे तो नंबर. तोच नसला की तपास पहिल्या पायरीवर संपतो. असं ट्रेसिंगला आलेलं बिननंबरी हत्यार २०१७ मध्ये सुमारे १,६०० होतं, २०२१ मध्ये १९,००० च्या वर गेलं.

२०२२ मध्ये एटीएफने, म्हणजे बंदुकांचा कारभार बघणाऱ्या केंद्रीय खात्याने, नियम आणला: सहज पूर्ण होणारी फ्रेम ही फ्रेमच आणि सहज जोडता येणारा संच ही बंदूकच. विकणाऱ्याने परवाना घ्यायचा, नंबर टाकायचा, गिऱ्हाइकाची तपासणी करायची. टेक्सासमधल्या केंद्रीय कोर्टाने नियम उडवला, अपील कोर्टानेही तेच केलं, आणि २६ मार्च २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ मतांनी तो टिकवला. निकाल न्यायमूर्ती नील गोर्सच यांनी लिहिला. बंदुकीच्या हक्काला ते काही विरोधी नाहीत, म्हणून तो वाचण्यासारखा आहे. त्यात नोंद आहे की पॉलिमर८०चा तो संच आधी कधी न पाहिलेल्या माणसाने साध्या हत्यारांनी आणि यूट्यूब बघून २१ मिनिटांत पिस्तूल उभं केलं. आणि मुद्दा भाषेचा आहे. लेखक आपलं अर्धं हस्तलिखित दाखवून 'माझी कादंबरी' म्हणतो. आयकियाच्या खोक्यात फळ्या आणि स्क्रू असले तरी आपण 'टेबल आणलं' म्हणतो.

मी ते वाचलं आणि मला पेण आठवलं. तिथून जूनमध्ये पांढऱ्याफटक, बिनरंगाच्या कच्च्या मूर्ती ट्रकने निघतात. डोळे आखलेले नसतात, सोंडेवर बोट फिरवलं तर पांढरं लागतं. तरी ट्रकवाला 'माती भरली' म्हणत नाही, 'गणपती भरले' म्हणतो. पण पेणच्याच कुणी मातीचा गोळा दाखवून 'हा गणपती' म्हटलं तर आपण हसू. कोर्टाचंही तसंच: पार कच्चा प्लॅस्टिकचा ठोकळा यात येत नाही, रेघ कुठे मारायची ते प्रत्येक मालाचं बघून ठरेल. घरी बनवण्यावरही या नियमाने बंदी आणलेली नाही. ती काही राज्यांनी आपापल्या परीने आणली आहे. कॅलिफोर्नियात बनवण्याआधीच सरकारकडून नंबर मागून घ्यावा लागतो. थ्रीडी प्रिंटरने छापलेल्या फ्रेमचा प्रश्न यातून सुटत नाही हेही खरं, कारण तिथे विकणाराच नसतो.

आता तुमचं. एच-१बी हा बिगर-स्थलांतरित व्हिसा आहे, आणि अशा व्यक्तीने बंदूक किंवा काडतुसं बाळगणं हाच केंद्रीय गुन्हा आहे, टेक्सास कितीही मोकळं असलं तरी. कमाल शिक्षा २०२२ पासून १५ वर्षं. अपवाद आहे: अमेरिकेतलं वैध शिकारीचं लायसन्स असेल तर. काही देशी मुलं नेमबाजीच्या रेंजवर जायला तेवढ्यासाठी ते काढतात. त्याच्या आधारावर काही करायचं असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाला पैसे द्या, कारण बंदुकीच्या कायद्याखाली दोषी ठरलात तर शिक्षेनंतर देशाबाहेर काढायलाही तेच कारण पुरतं. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई नाही.

आणि भारतात? तिथे १९५९च्या आर्म्स ॲक्टमध्ये 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येतच शस्त्रांचे भाग आणि ती बनवायची यंत्रसामग्री येते. ऐंशी टक्के वगैरे युक्तिवाद विमानतळावर कस्टमच्या माणसाला ऐकवू नका. विनापरवाना बनवण्याची शिक्षा २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत. शेवटी तुमच्या त्या फ्रेमला आपल्याकडे एकच शब्द आहे, गावठी कट्टा, आणि पोलीस बातमीत तोच लिहितील.

आमच्या मशिनिस्टने ते पिस्तूल पाचेक वर्षं ठेवलं. निवृत्तीनंतर इलिनॉयला मुलीजवळ राहायला जायचं ठरलं, तिथे तोवर बिननंबरी हत्याराला बंदी आली होती. एका सकाळी तो शॉपमध्ये रुमालात गुंडाळून फ्रेमचे करवतीने कापलेले तीन तुकडे घेऊन आला, दाखवायला. बॅरल आणि स्लाइड घरीच होती, ती कायद्याने बंदूक कधी नव्हतीच. तुकडे स्क्रॅपच्या ड्रममध्ये टाकायला गेला तर फोरमनने हटकलं, तिथे फक्त पोलाद टाकतात. मग कॉफीच्या कपांबरोबर कचऱ्याच्या पिशवीत गेले.