कादंबरीतल्या चाळीकडे जाताना

गिरणगावावर कादंबरी लिहितोयस, तर लालबाग-परळला जायलाच हवं. पण पहिला खर्डा हातावेगळा झाल्यावर जा. आधी गेलास तर दिसेल ते उतरवत बसशील आणि पात्रं मागे पडतील.

फोटो नंतर काढ. आधी एखाद्या जुन्या चाळीचा लाकडी जिना चढून बघ. पायऱ्या मधोमध झिजलेल्या असतात, आणि मध्ये पाय टाकला की करकरतात, कडेने चढलं की कमी. रात्री उशिरा चोरपावलांनी घरी येणारा तुझा नायक कुठल्या बाजूने चढेल, हे टेबलाशी बसून सुचत नाही रे!

गिरण्यांचे भोंगे आता ऐकू येणार नाहीत. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या. फिनिक्स मिलच्या जागी मॉल आहे. म्हणून माणसांना विचार. निवृत्त कामगाराला मात्र थेट संपाबद्दल नको, ते त्यांनी शंभरदा सांगितलेलं असतं. 'काका, कुठल्या खात्यात होता? पाळी कुठली?' असं विचार. साचेखात्यातला, म्हणजे कापड विणायच्या खात्यातला माणूस बोलताना हातांनी साचा (माग) चालवून दाखवतो. ते हात नीट बघ.

चाळीचे मजले तुझ्या कादंबरीपेक्षा जास्त निघाले तर खुशाल तसंच ठेव. पाळीची वेळ चुकली असेल तर मात्र दुरुस्त कर, तिथला वाचक ती लगेच पकडतो. आणि कुणाच्या घरातलं भांडण जसंच्या तसं उचलू नकोस, ती माणसं अजून तिथेच राहतात.