भगताकडे नेल्यावर ती शांत होते, मग बाधा खरीच ना?

“भगताने अंगारा लावला, उतारा टाकला की माझी लेक शांत होते, मग ताई, बाधा खोटी कशी?” हा प्रश्न मला एका आईने विचारला, आणि तो अनेक घरांतून येतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तिची विवाहित मुलगी अमावास्येच्या सुमारास घुमायची, जड आवाजात “मला इथे राहायचे नाही” असे ओरडायची आणि नंतर तिला काहीच आठवत नसे.

मुलगी शांत होते हे मी नाकारले नाही. ती कशाने शांत होते, एवढाच माझा प्रश्न होता. अठराव्या शतकात दक्षिण जर्मनीत योहान गासनर हे धर्मगुरू सैतान उतरवून लोकांचे झटके थांबवत असत. १७७५ मध्ये म्युनिकला फ्रान्झ मेस्मर या वैद्याने सैतानाचे नावही न घेता तसेच झटके आणून आणि थांबवून दाखवले. मेस्मर त्याचे श्रेय चुंबकीय शक्तीला देत. परंतु १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या, बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए हे शास्त्रज्ञ ज्यात होते त्या आयोगाने रुग्णांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून पाहिले, तेव्हा शक्ती सोडली जात आहे असे नुसते वाटले तरी झटका येई आणि नकळत सोडली तर काहीच घडत नसे. म्हणजे सैतानही नव्हता आणि चुंबकही नव्हते. काम करत होती ती रुग्णाची अपेक्षा.

अंगात येणारी प्रत्येक व्यक्ती आजारी असते, असे मानसशास्त्रही म्हणत नाही. श्रद्धेच्या चौकटीत येऊन ओसरणारा संचार वेगळा. तो अनावर होऊन आयुष्य विस्कटू लागला, तरच त्याला विकार मानतात. या मुलीचा गर्भपात झाला होता आणि काही दिवसांतच तिला कामाला जुंपले होते. घरात तिचे ऐकणारे कोणी नव्हते. ती घुमू लागली की मात्र सारे घर हात जोडून ऐकत असे.

तरीही आधी मी तिला मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवले, कारण फिट्सची शक्यता तपासल्याशिवाय पुढे जाणे धोक्याचे असते. जर्मनीत ॲनेलीझे मिशेल या अपस्माराचे उपचार घेतलेल्या तरुणीवर ६७ वेळा सैतान उतरवण्याचे विधी झाले आणि १९७६ मध्ये, वयाच्या २३व्या वर्षी, ती उपासमारीने गेली. १९७८ मध्ये न्यायालयाने तिच्या आईवडिलांना आणि दोन धर्मगुरूंना दोषी ठरवले. आपल्याकडेही भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून मारणे किंवा मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि ही धुरी त्या मुलीला दिली गेली होती.

तिच्या तपासणीत फिट्स आढळल्या नाहीत. मग आम्ही, ती शुद्धीवर असतानाच गेलेल्या बाळाविषयी बोलू लागलो. आई अजूनही तिला अंगारा लावते, त्याला माझी हरकत नाही. धुरी बंद झाली आहे आणि झटके कमी झाले आहेत. सासरी परतण्याचा विषय निघाला की मात्र एखादा येतो, म्हणून पुढच्या भेटीला तिच्या नवऱ्याला आणि सासूबाईंनाही बोलावले आहे.