बुद्ध सर्किटवरची फॉर्म्युला वन ही मोटार शर्यत तीन वर्षांतच का थांबली?

ट्रॅकचा दोष नव्हता. ग्रेटर नोएडातला हा ५.१२५ किलोमीटरचा ट्रॅक जर्मन ट्रॅक-रचनाकार हर्मन टिल्केने आखला आणि चालकांना तो आवडलाही. २०११च्या पहिल्याच सरावात एक भटका कुत्रा ट्रॅकवर घुसला आणि गाड्या थांबवाव्या लागल्या! (आपल्याकडचं स्वागत असंच असायचं.) २०११, १२, १३ तिन्ही शर्यती सेबास्टियन व्हेटेलने जिंकल्या.

घोडं अडलं ते करापाशी. उत्तर प्रदेश सरकारच्या लेखी ही शर्यत खेळ नव्हे, करमणूक. म्हणजे करमणूक कर आलाच. शिवाय आयकराचा वाद, जो २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयात फॉर्म्युला वनच्या कंपनीविरोधात गेला. पुढे सप्टेंबर २०२३मध्ये याच ट्रॅकवर मोटोजीपी ही मोटरसायकलींची शर्यत झाली, ती मार्को बेझेकीने जिंकली.