जुना ट्रक गरम झाल्यावर स्लोवर थरथरतो आणि बंद पडतो. हेड उतरवावे का?

आपण लिहिले आहे की आपला टाटा 1210 सकाळी पहिल्याच सेल्फला सुरू होतो, पण तासभर चालल्यानंतर ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की स्लोवर (इंजिन सर्वात कमी वेगाने नुसते फिरत असताना) थरथरू लागतो, कधी बंदही पडतो, आणि मिस्त्रींनी हेड (सिलिंडरवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवायला सांगितले आहे. माझे स्पष्ट मत असे आहे की हेडला इतक्यात हात लावू देऊ नये. हेड उतरवतात ते कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला हवेचा दाब, गेल्यावर; पण असे इंजिन थंड असताना त्रास देते. ते सकाळी सेल्फ खात राहते, पांढरा धूर सोडते आणि गरम झाल्यावर उलट सुधारते. आपल्या गाडीचे वागणे याच्या नेमके विरुद्ध आहे, आणि एवढी साधी गोष्ट ज्यांच्या लक्षात येत नाही त्यांच्या हाती पान्हा देण्यापूर्वी विचार करावा.

हे मी इतक्या ठामपणे लिहितो, कारण आमच्या घरी याच दुखण्यावरून झालेला वाद अजून मिटलेला नाही. आमची गाडी टाटाच्या 697 इंजिनाची होती, म्हणजे 97 मिलिमीटर व्यासाचे सहा सिलिंडर आणि 5675 सीसी. लासलगावहून कांदा घेऊन वाशीला जायचे आणि मिळेल ते परतीचे भाडे भरून यायचे, असा तिचा दिनक्रम होता. जाताना तक्रार नसे. परतताना भरलेली गाडी कसारा घाट चढून आली की घोटीच्या टोलच्या रांगेत इंजिन बंद पडे आणि मागच्यांचे हॉर्न सुरू होत. थोरल्या बंधूंनी आधी स्लोचा स्क्रू वाढवून घेतला. गाडी बंद पडणे थांबले, पण पहिला गिअर टाकताना खरखर होऊ लागली, डिझेलचा खर्च वाढला, आणि उतारावर पाय काढूनही गाडी पुढे ओढत राहू लागली. स्क्रू वाढवणे म्हणजे दुरुस्ती, असे मानणाऱ्यांशी मी आता बोलणेच सोडले आहे.

पुढे उन्हाळ्यात तोच त्रास पुन्हा सुरू झाला, तेव्हा बंधूंच्या विश्वासातल्या मिस्त्रींनी हेड उतरवून व्हॉल्व्ह घासले आणि गॅस्केट बदलले. कांद्याच्या ऐन हंगामात गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली आणि बाहेर आल्यावर पहिल्याच परतीच्या फेरीत घोटीला पुन्हा बंद पडली. डिझेल पंप (नोझलला दाबाने डिझेल पुरवणारा) उतरवा, असे मी आरंभापासून सांगत होतो. अखेर पंप दुकानात टेस्ट बेंचवर (पंप फिरवून तपासायच्या यंत्रावर) चढवला, तेव्हा सहापैकी काही एलिमेंट (एकेका सिलिंडरला डिझेल ढकलणारे भाग) इतके झिजलेले निघाले की स्लोच्या वेगाला त्यांतून जेमतेम डिझेल येत होते. एलिमेंट आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह बदलून कॅलिब्रेशन (प्रत्येक सिलिंडरचे डिझेल मोजून सारखे करणे) केल्यावर तो त्रास संपला. बंधूंचे म्हणणे आजही असे आहे की हेडचे काम बसायला थोडा वेळ लागला, एवढेच.

यामागचे कारण समजून घेतले तर आपल्याला मिस्त्रींशी बोलणे सोपे जाईल. एलिमेंट म्हणजे प्लंजर (दट्ट्या) आणि त्याचे बॅरल (नळकांडे); त्यांच्यातील अंतर अवघे दोन-चार मायक्रॉनचे असते आणि तिथे वेगळे सील नसते; डिझेलच्या दाटपणावरच तो सांधा टिकतो. इंजिनाच्या कुशीत पंप तापला की डिझेल पातळ होते आणि झिजलेल्या जागेतून मागे गळते. वेगात असताना प्रत्येक धक्क्याला पुष्कळ डिझेल जाते आणि गळायला वेळही मिळत नाही, म्हणून रस्त्यावर काही जाणवत नाही. स्लोवर मात्र मुळात थेंबभरच डिझेल जात असते आणि प्लंजर सावकाश चालत असतो, त्यामुळे तेवढी गळती सिलिंडर मुका करायला पुरते. स्क्रू वाढवल्यावर बरे वाटते तेही याचमुळे. डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याची हौस असलेल्या चालकांच्या गाड्यांत ही झीज लवकर येते, कारण प्लंजरला डिझेलखेरीज दुसरे वंगण नसते.

पंपाच्या दुकानात जाण्याआधी घरच्या घरी काही पाहून घ्यावे. गाडी बंद पडताच टाकीचे झाकण उघडून पाहावे; हवा आत खेचल्याचा आवाज आला, तर झाकणाचे छिद्र बुजले आहे आणि काम फुकटात झाले. टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) या नळीत पारदर्शक तुकडा बसवून बुडबुडे दिसतात का ते पाहावे, कारण जुनी रबरी नळी तापली की सैल होऊन हवा घेते. हे निर्दोष निघाले, तर गरम इंजिन बंद करून पंपाभोवती ओले गोणपाट गुंडाळावे, पंप हाताला सोसेल इतका निवू द्यावा आणि इंजिन गरम असतानाच पुन्हा सुरू करावे. स्लो काही मिनिटे स्थिर राहून मग पुन्हा थरथरू लागला, तर एलिमेंट गेले असे समजावे. मात्र चालू पंपावर गार पाणी कधीही ओतू नये. बॅरल आकसून प्लंजर जागीच अडकतो. कोणता सिलिंडर मिस करतो, म्हणजे पेट घेत नाही, हे पाहण्यासाठी नोझलच्या नळीचे नट एकेक करून सैल करता येतात, पण तिथे हात आणि तोंड जवळ नेऊ नये, कारण त्या दाबाचे डिझेल कातडीत शिरते.

एक अपवाद सांगायला हवा. टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागातील फट) फार घट्ट बसवलेले असतील, तर व्हॉल्व्ह तापून लांबतो, पूर्ण मिटत नाही आणि गरम असतानाच कंप्रेशन जाते. तपासणीसाठी हेड उतरवावे लागत नाही, फक्त वरचे झाकण काढून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) फिरवावा लागतो. तसेच इंजिन मिस न करता त्याचा आवाज लयीत वर-खाली होत असेल, तर एलिमेंटऐवजी गव्हर्नरच्या (पंपातील वेग सांभाळणाऱ्या भागाच्या) झिजलेल्या सांध्यांकडे पाहण्यास सांगावे.

पंप दिलाच, तर काम करण्यापूर्वी आणि केल्यानंतर प्रत्येक सिलिंडरला स्लोवर किती डिझेल आले, याची बेंचवरील नोंद दुकानदाराकडून कागदावर लिहून घ्यावी. आम्ही ती घेतली असती, तर दर दिवाळीला बंधूंपुढे ठेवता आली असती.