दीड वर्षाच्या लेकीसोबत रंग-खेळ? आधी परात काढ

अगं, रंगांचं किट वगैरे आत्ता नको मागवूस. परातीत दोन तांबे पाणी, वाटी, चमचा, गाळणी दे आणि तू शेजारी नुसती बस. हेच अवघड जातं बघ, मी लेकाला "सूर्य गोल काढ ना" करत त्याचा हात धरायचे, तर तो खडू टाकून उठूनच जायचा!

- रंग म्हणजे घट्ट दही नि बीटाचा रस, बोटं चाटली तरी टेन्शन नाही. हळद नको, कपड्यांवरचे डाग सहज जात नाहीत.
- चणे, वाटाणे, मणी अजिबात नको, नाकात घालतात. पाणी असताना एक मिनिटही उठायचं नाही.
- "हे काय काढलंस?" विचारू नकोस, "किती घासलंस गं!" म्हण.

पाच मिनिटांत कंटाळली तर उचल सगळं, चालतं.