ऑइलचं विचारलंत, पण बोलायचंय भाड्यांबद्दल

नाशिकच्या एका वाचकाचं पत्र थोडक्यात असं: "वय ३४, सातपूरच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. हातात पगार ५२ हजार. घरी आई, बायको, चार वर्षांची मुलगी. आठ महिन्यांपूर्वी पेट्रोल गाडी घेतली, ऑन-रोड १२ लाखांना. एफडी मोडून अडीच लाख भरले, साडेनऊ लाखांचं कर्ज सात वर्षांसाठी, हप्ता १५,५००. महिन्यातून चार-पाच वेळा ओळखीच्या लोकांना शिर्डी, वणी, त्र्यंबकला नेतो, तेवढाच हप्त्याला हातभार. त्यामुळे आत्ताच १४ हजार किलोमीटर झालेत. दहा हजारच्या सर्व्हिसचं बिल ९,४०० आलं. तिसरी फ्री सर्व्हिस म्हणे! ऑइल-फिल्टर बदलणं माझ्या डाव्या हाताचं काम आहे. घरीच केलं तर वॉरंटी जाईल का? तीन वर्षांनी गाडी विकायची आहे, सर्व्हिस रेकॉर्ड चांगला असेल तर आठ लाख येतील असं सेल्समन म्हणाला. आणि २०२७ च्या कुंभात गाडी रोज बाहेर राहील, हप्त्याची चिंता मिटेल."

आधी ऑइलचं उत्तर देतो, कारण ते लवकर संपतं.

बिलाची प्रत पाठवलीत ते बरं केलंत. ऑइल, ऑइल फिल्टर, वॉशर मिळून २,७००. एअर फिल्टर आणि एसी फिल्टर १,०००. अलाइनमेंट-बॅलन्सिंग १,२००. इथपर्यंत ठीक. पुढे एसी क्लीनिंग १,५००, इंजेक्टर क्लीनर १,२००, इंजिन कोटिंग ८००, उंदीर येऊ नयेत म्हणून फवारा ६००, बाहेरून पॉलिश ४००. हे शेवटचे ४,५०० रुपये आठ महिन्यांच्या गाडीवर कशासाठी? कंपनीच्या पुस्तिकेतला सर्व्हिसचा तक्ता उघडा आणि यातलं काय त्यात आहे ते बघा. फ्री सर्व्हिसमध्ये फक्त मजुरी फुकट असते, म्हणून बाकीच्या ओळी अशा भरल्या जातात.

तेच ऑइल आणि फिल्टर बाहेरून आणून घरी बदललंत तर खर्च येईल दोन हजार. म्हणजे वाचले ७००. जॉब कार्डवर, म्हणजे करायच्या कामांच्या यादीवर, सही करण्याआधी "तक्त्यात आहे तेवढंच करा, बाकी काही वाढवायचं असेल तर आधी फोन करा" असं लिहून दिलंत तर वाचतील साडेचार हजार. तेही वॉरंटीला धक्का न लावता.

कायद्याचा आधार आहे का, हेही तुम्ही विचारलंय. आहे. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा कार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला आणि बाहेर काम करून घेतलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका असं बजावलं. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जे बिघडलं तेवढ्यापुरतीच ती नाकारता यावी, असा त्याचा रोख होता. कंपन्या अपिलात गेल्या. पण इंजिनात आवाज यायला लागला आणि सर्व्हिस सेंटरने "रेकॉर्ड तुटलाय" म्हणून हात वर केले, तर तुम्ही तो आदेश घेऊन किती महिने भांडणार? गाडी उभी, हप्ता चालू. सातशे रुपयांसाठी हे ओढवून घेऊ नका. वॉरंटी आहे तोवर तक्त्यातली प्रत्येक सर्व्हिस वेळेवर, अधिकृत ठिकाणी, आणि बिलावर किलोमीटर आणि चासी नंबर आलाय ना ते बघून घ्या.

हात शिवशिवत असतील तर टायरची हवा, वायपर, एसी फिल्टर, बॅटरीचे टर्मिनल, कूलंटची पातळी हे सगळं घरी करा. वायरिंगला मात्र हात लावू नका. जास्तीचे दिवे किंवा म्युझिक सिस्टीमसाठी वायर कापून जोडली की इलेक्ट्रिकलची वॉरंटी नाकारायला आयतं कारण मिळतं. वॉरंटी संपल्यावर ऑइल खुशाल स्वतः बदला, मीही माझ्या जुन्या गाडीचं बदलतो. तारीख, किलोमीटर, ऑइलची ग्रेड आणि बिल वहीत ठेवा, आणि काढलेलं ऑइल गटारात न ओतता गॅरेजवाल्याकडे द्या.

आता भाड्यांकडे येतो. "ओळखीच्या लोकांना नेतो, तेवढाच हप्त्याला हातभार" हे वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, मी मात्र तिथेच थांबलो.

तुमची गाडी पांढऱ्या पाटीची आहे. पॉलिसी खाजगी गाडीची आहे. पॉलिसीत "वापराची मर्यादा" नावाचा परिच्छेद असतो, त्यात भाड्याने किंवा मोबदला घेऊन माणसं नेणं सरळ वगळलेलं असतं. परमिटशिवाय भाडं मारणं मोटार वाहन कायद्यातही बसत नाही, त्याचा दंड दहा हजारांचा आहे. पण दंडाचं मला फारसं वाटत नाही. मला काळजी आहे ती अपघाताची.

"ओळखीचेच असतात" असं तुम्ही म्हणाल. सिन्नरच्या पुढे ट्रकने मागून ठोकलं, मागच्या सीटवरच्या काकूंचं हाड मोडलं, तर विमा कंपनीचा माणूस त्यांना दवाखान्यात भेटून पहिला प्रश्न विचारेल, किती पैसे दिले होते? त्या खरं सांगतील, का सांगू नये? नाही सांगितलं तरी तुमच्या मोबाइलवर तीन हजार जमा झालेत, शेरा "शिर्डी". गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारायला एवढं पुरे. पैसे देऊन बसलेल्या प्रवाशांना खाजगी पॉलिसीत संरक्षण नसतं. रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाला विमा कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी, असेही आदेश होतात. मालक तुम्ही.

भरपाई किती असते? अपघाताची भरपाई ठरवणारं न्यायाधिकरण वयाप्रमाणे गुणक लावतं, म्हणजे वर्षाच्या कमाईला ठरावीक आकड्याने गुणतं. ३५ वर्षांचा, महिना ४० हजार कमावणारा, मागे बायको-मुलं असलेला माणूस गेला तर पुढची वाढ धरून आणि त्याचा स्वतःचा खर्च वजा करून हिशेब सत्तर लाखांच्या पुढे जातो. तुमच्याकडे घराशिवाय काय आहे?

आणि हे सगळं कशासाठी? शिर्डीला जाऊन-येऊन १८० किलोमीटर. तीन हजार मिळाले, पेट्रोल तेराशे, टोल-पार्किंग-चहा दोनशे. राहिले दीड हजार. पाच फेऱ्यांचे साडेसात हजार. त्यातून टायर, सर्व्हिस, गाडीची घट म्हणून किलोमीटरमागे तीन रुपये काढा, अडीच-पावणेतीन हजार गेले. हातात पाच हजारही नाहीत. महिन्याला पाच हजारांसाठी घर डावाला लावलंय तुम्ही. एक्स्टेंडेड वॉरंटीला २२ हजार दिलेत, तिच्या अटीही वाचा. अनेक वॉरंट्यांत भाड्याच्या वापराला वेगळा नियम असतो. ऑइल घरी बदलल्याने वॉरंटी जाईल का असं विचारता, आणि ती जायचं याहून मोठं कारण दर शनिवारी गाडीत बसतं.

कुंभात तर पोलिस आणि आरटीओ रस्त्यावरच असतील. त्या भरवशावर हप्ता आखू नका. रीतसर पिवळी पाटी करायची म्हटली तर परमिट, व्यावसायिक विमा, बँकेची परवानगी, आणि पुढे विकताना कमी भाव. नोकरी सांभाळून महिन्याच्या पाच फेऱ्यांसाठी ते परवडत नाही.

आठ लाखांची आशाही सोडा. गाडीची एक्स-शोरूम, म्हणजे रस्ता कर आणि विमा सोडून, किंमत ९ लाख ६० हजार. विम्याच्या तक्त्यात तीन वर्षं ओलांडली की ४० टक्के घसारा धरतात, म्हणजे पावणेसहा लाख. बाजार थोडे जास्त देईल, नीट रेकॉर्ड असेल तर आणखी थोडे. तेव्हा कर्ज शिल्लक असेल ६ लाख २० हजार. गाडी विकून कर्ज फिटेल, हातात फारसं काही उरणार नाही. आठ लाख सांगणाऱ्या सेल्समनला तेव्हा गाडी घ्यायची नसते.

मग पाच हजारांचं भगदाड कसं बुजवायचं? पत्राच्या शेवटी तुम्ही एका एंडोमेंट पॉलिसीचा, म्हणजे विमा आणि बचत एकत्र असलेल्या पॉलिसीचा, उल्लेख केलाय. महिना ४ हजार, पाच वर्षं झाली, विमा सहा लाखांचा. चार माणसांच्या घराला सहा लाख म्हणजे तुमचा एक वर्षाचा पगारसुद्धा नाही! आणि परतावा पाच टक्क्यांच्या आसपास, तोही शेवटपर्यंत भरलंत तर. तुम्हाला ही पॉलिसी विमा म्हणून विकली की बचत म्हणून? ती दोन्ही कामं करत नाही. एक कोटीची टर्म पॉलिसी, म्हणजे बचत नसलेला निव्वळ विमा, घ्या; निरोगी आणि तंबाखू न खाणाऱ्या तुमच्या वयाच्या माणसाला महिना बाराशे-पंधराशेत बसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. अर्जात काही लपवू नका. ती हातात आल्यावरच, आधी नाही, जुनी पॉलिसी पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून आहे तेवढ्यावर चालू ठेवा. महिन्याला अडीच हजार सुटले.

शोरूमच्या टेबलावर "लोन सुरक्षा" म्हणून ३८ हजारांची पॉलिसी कर्जातच घातली गेली आहे. व्याजासकट ती ५२ हजारांना पडते, आणि त्यात तुम्ही गेलात तर आधी बँकेचं फिटतं. टर्म पॉलिसी आल्यावर ती बंद करून उरलेल्या काळाचे किती परत मिळतील हे लेखी विचारा. जे येईल ते मोडलेल्या एफडीच्या जागी ठेवा, कर्जात भरू नका. तुमच्या खात्यात आत्ता १८ हजार आहेत आणि हप्ताच साडेपंधरा हजारांचा आहे. नव्वद हजार जमेपर्यंत, म्हणजे घरखर्च आणि हप्त्याचे दोन महिने, दुसरी कुठलीही गुंतवणूक नको.

राहिलेले अडीच हजार गाडी कमी पळाल्याने आणि दिवाळीच्या बोनसमधून भरून काढावे लागतील. ओढाताण होईल, हे मला कळतं.

या शनिवारचं भाडं घेतलं असेल तर आजच फोन करून नाही म्हणा आणि त्या लोकांना एखाद्या पिवळ्या पाटीच्या गाडीवाल्याचा नंबर द्या.